धाकटीच्या कामाचा जबाब

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. आजचा नाही, चव्वेचाळीस वर्षांचा आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून कुणी "आम्हाला तेव्हाच कळलं होतं" म्हणून मान डोलवायला नको. कुणाला संधिवात असतो, कुणाला पित्त असतं, मला ही बाई आहे.

आम्ही दोघी एकाच घरात राहतो, मी वर, ती खाली. सासऱ्यांनी घर बांधतानाच दोन दारं, दोन स्वयंपाकघरं आणि विजेचे दोन मीटर करून ठेवले होते. "भाऊ एकत्र राहतील हो, जावांचं काय सांगावं?" असं म्हणाले होते म्हणे, आणि तेव्हा आमच्यातली एकही या घरात आली नव्हती! मी आधी आले, थोरल्याची बायको म्हणून, करखात्यातली कारकुनी बरोबर घेऊन. तीन वर्षांनी ती आली. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची, पुढचे दोन दात जरा बाहेर, शाळा मध्येच सोडलेली. मी तिला दारात बघितलं आणि मनात म्हटलं, चला, हिची काही भीती नाही. कपाळ माझं!

महिनाभरात सासूबाई तिच्या हातून दिल्याशिवाय औषध घेईनात. दूधवाला वर माझ्या दारात बाटल्या आपटून जायचा, आणि खाली दहा मिनिटं उभा राहून आपल्या बहिणीच्या आजारपणाची हकिगत सांगायचा. आमचे हे चित्रकलेचे मास्तर, घरात दिवसाला मोजून वीस शब्द बोलतात, त्यांना वाटतं रेघ मारली की झालं. तेसुद्धा जिन्यातून तिला हाक मारून हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले. बरं, ती काही खास करायची म्हणावं तर तेही नाही. नुसतं ऐकायची, हातातलं काम न सोडता, मान जराशी वाकडी करून. मी एकदा आरशासमोर तशी मान करून बघितली. उसण भरल्यासारखी दिसली.

आणि मग माझी मुलं. ती आली तेव्हा मुलगा वर्षाचा होता, मुलगी पाठोपाठ झाली. माझं ऑफिस दहा ते सहा, वर्षअखेरीला आठ. तिला मूल झालं नाही, होणार नाही असं डॉक्टरांनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं. सगळे म्हणाले, बघा, दोघींचीही सोय झाली. सकाळी मी मुलांना खाली सोडायचे, संध्याकाळी वर घेऊन जायचे. पहिला महिना संपला तेव्हा मी पाकिटात पैसे घालून तिच्या टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवशी पाकीट माझ्या डब्याच्या पिशवीत, जसंच्या तसं. "अहो ताई, तुमचं चुकून राहिलं होतं," म्हणाली. चुकून! मी परत काही ठेवलं नाही. मनात म्हटलं, बरं झालं, वाचले.

मुलानं पहिलं पाऊल टाकलं ते माझ्यासमोर, संध्याकाळी साडेसहाला, जिन्याच्या पायथ्याशी. मी ऑफिसभर सांगत सुटले, साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. सात वर्षांनी सासूबाई बोलता बोलता बोलून गेल्या, "अगं, तो तर त्याआधी चार दिवस चालत होता. धाकटीनं मला दम भरला होता, सांगायचं नाही म्हणून. तुला वाटू दे म्हणाली, तुझ्यासमोरच पहिल्यांदा चालला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस सगळं घर माझ्यासाठी नाटक करत होतं, आणि मी त्या नाटकात टाळ्या वाजवत होते. कुणी वाईट केलं तर माणूस भांडू तरी शकतो. हिनं चांगलं करून माझं तोंड बांधलं, मेलीनं.

मुलगी आठ वर्षांची असताना तिला गोवर आला. मी रजा काढून उशाशी बसलेली, कपाळावरच्या ओल्या घड्या बदलतेय, आणि पोर डोळे मिटूनच विचारते, "काकू कुठाय?" मी म्हटलं, "मी आहे ना." तर म्हणते, "हो, पण काकू कुठाय?" मी खाली जाऊन काकूला बोलावून आणलं. आणायलाच लागलं.

पोरगी बरी झाली आणि पुढच्याच आठवड्यात मी दोघांची नावं दूरच्या एका शाळेत घातली, जिथं संध्याकाळपर्यंत मुलांना ठेवून घेत आणि अभ्यासही करून घेत. सगळ्यांना सांगितलं, तिथलं गणित चांगलं आहे. गणिताचं काही नव्हतं. मला माझी मुलं तिच्याकडून काढून घ्यायची होती, ती मी काढून घेतली. ती एका शब्दानं कुरकुरली नाही. "चांगलंय हो ताई, मोठी शाळा आहे," एवढंच. दोन दिवस खालच्या मजल्यावरून भांड्याचासुद्धा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून परतले तर तिच्या दारात कंबरेएवढा गठ्ठा. तयार कपड्यांच्या कारखान्यातून शर्ट आणले होते, काजं करायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बटण ज्या चिरेतून जातं ते काज. त्या चिरेच्या कडेनं टाके घातले नाहीत तर दोन धुण्यांत कापड उसवतं. तेव्हा चांगल्या शर्टांची काजं हातानंच करत. एका शर्टाला आठ. चीर द्यायची ती नेमकी, एक धागा इकडचा तिकडे झाला की शर्ट वाया आणि भरपाई बाईच्या मजुरीतून. मग स्वतःच्या पैशानं आणलेला दोरा मेणावरून ओढून टाक्याला टाका भिडवत जायचं, दर टाक्याला गाठ. माझा चहाचा कप संपेपर्यंत तिनं एकदा माझ्यासमोर एक काज पुरं केलं आणि कापड उलटं करून दाखवलं. उलटी बाजू हुबेहूब सुलट बाजूसारखी. कारखान्याचा माणूस नव्या बायकांना तिची काजं नमुना म्हणून दाखवायचा. तेवीस वर्षं तिनं हे केलं. ना हजेरीपट, ना रजा, ना नेमणुकीचं पत्र. गठ्ठा यायचा, गठ्ठा जायचा, आणि वरची चिठ्ठीसुद्धा कारखान्यात परत जायची.

मग काजांचं यंत्र आलं आणि गठ्ठे यायचे थांबले. त्यानंतर सहा वर्षं तिनं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं केलं. त्या गेल्या तेव्हा मी औषध आणायला गेले होते, हात हिच्या हातात होता. अर्थातच! मग दीर आजारी पडले, चार वर्षं त्यांचं केलं. ते गेले आणि त्यांच्या बचतीतलं जे काही उरलं होतं तेही संपलं. तेव्हा चौसष्टाव्या वर्षी बाईंनी पुन्हा सुई उचलली. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून पँटी आणते, पायाशी दुमडून हातानं शिवायला. आज ती सहासष्टची आहे आणि डोळे जवळजवळ गेलेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, बाई, सुई खाली ठेवा, तर आहे ती नजर राहील. पण सुई खाली ठेवली तर खायचं काय? दोरा ओवायला माझ्याकडे वर येते. एकदम दहा सुया ओवून घेते, मला सारखा त्रास नको म्हणून. माझी मुलं तिला पैसे पाठवतात आणि ती परत पाठवते. मला यातलं काही माहीत नाही असं तिघांनाही वाटतं.

तर गेल्या वर्षी सरकारनं जाहीर केलं, की ज्यांना कुठलीच पेन्शन नाही अशा पासष्टच्या पुढच्या माणसांना, तीस वर्षं राबल्याचं सिद्ध झालं तर, सरकारी तिजोरीतून दरमहा पेन्शन. आमच्या निवृत्तांच्या मंडळानं तातडीची सभा बोलावली. वाचनालयाच्या हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या, निम्मी माणसं कानामागे हात धरून. आमचे अध्यक्ष पुलांच्या खात्यातले, त्यांनी हा पैसा कुठून येणार ते वाचून दाखवलं. ज्यांना दुसरं घर आहे त्यांच्यावर जादा कर. मोठ्या गाड्यांवर कर. सचिवालयाची नवी इमारत, जिच्यावर काचेचा घुमट होणार होता, ती रद्द. मंत्र्यांच्या फोटोंच्या जाहिराती निम्म्यावर. इथपर्यंत टाळ्याच टाळ्या. मग अध्यक्षांनी पान उलटलं. सध्याच्या पेन्शनरांची वार्षिक वाढ तीन वर्षं बंद.

मग काय विचारता! ज्यांना मघापर्यंत ऐकू येत नव्हतं त्यांनाही ऐकू आलं. मी उभी राहिले आणि ओरडले, "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं!" काय टाळ्या पडल्या म्हणता! माझ्या उभ्या आयुष्यात मला टाळ्या पडल्या नव्हत्या. मी घरी आले ती जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत.

"यातलं कुत्रं कोण?" यांनी विचारलं. मी सगळं सांगून झाल्यावर.

"कोण म्हणजे? ज्यांनी कधी सरकारला काही दिलं नाही ते! माझ्या पगारातून चौतीस वर्षं कापून घेतलंय."

"कापलं ते तेव्हाच्या म्हाताऱ्यांना वाटलं. तुझ्या नावाची बरणी भरून ठेवली नव्हती कुणी. तुला आज मिळतं ते आज जे कर भरतायत त्यांचं. तू करखात्यातली, मी काय सांगणार तुला?"

"आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कधी एक पैसा कर भरलाय का, ते विचारा."

"दोऱ्यावर कर नसतो?"

असतो. दिवसाला वीस शब्द बोलणारा माणूस, त्यातले हेच नेमके बाहेर पडायचे. दोऱ्याच्या कारखान्याची फाईल बारा वर्षं माझ्याच टेबलावर होती. दर रिळामागे कर, आणि तो शेवटी दोरा विकत घेणाऱ्याच्या पिशवीतून. तिनं आणलेल्या रिळांचा कर माझ्याच हातानं जमा झाला होता, फक्त त्यावर तिचं नाव नव्हतं. मला हे कळत नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं आणि जळणं वेगळं. मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे.

खरं सांगू? वाढ गेल्याचं एवढं नव्हतं. आम्हा दोघांच्या दोन पेन्शनी येतात, खाऊन पिऊन सुखी आहोत. पण बघा, या घरात माणसं तिची. सासू तिची, दूधवाला तिचा, मुलं तिची. तिच्यापेक्षा माझ्याकडे जास्त म्हणावी अशी एकच गोष्ट होती. दर एक तारखेला चांगले कपडे घालून बँकेत जाणारी मी होते. पेन्शनरीण मी होते. आता म्हणे तीही तिला द्या. माझ्या पोटात दुखू लागलं ते यासाठी.

आणि द्यायची कुणी? तर मीच. ज्यांच्याकडे कामाचे कागद नाहीत त्यांच्यासाठी सरकारनं नियम काढला होता. वीस वर्षांहून जास्त ओळख असलेल्या, सरकारी पेन्शन घेणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं, की हिनं अमुक काम अमुक वर्षं केलं. याला म्हणायचं कामाचा जबाब. अर्जदाराला तो आधी दाखवायचा नाही. बंद पाकिटातून न्यायचा, खिडकीवर कारकुनानं फोडून दोघांसमोर मोठ्यानं वाचायचा, आणि अर्जदारानं "खरं आहे" म्हटलं तर शिक्का. पढवून आणलेले साक्षीदार नकोत म्हणून एवढा खटाटोप.

ती अर्ज घेऊन वर आली ती सुयांबरोबर. "ताई, एवढ्या ओवता का? आणि हे जरा बघाल का, सवड झाली तर." सवड झाली तर! मी सुया ओवून दिल्या आणि कागद कपाटावर ठेवला. पंधरा दिवस ठेवला. तिनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी तिरकस बोलले असते, आणि भांडण होऊन निदान हवा मोकळी झाली असती. ती येई, सुया ओवून घेई, माझ्या गुडघ्याची चौकशी करी आणि जाई. शेवटी मुलीचा फोन आला. "आई, काकूचं लिहून दिलंस का? आठवडाच राहिलाय." म्हटलं, माझ्या गुडघ्याचं विचारलंस का कधी? "काकूनं सांगितलं मला, बरा आहे आता," म्हणाली.

त्या दुपारी मी कागद खाली काढला आणि कारकुनाच्या डोळ्यांनी नियम वाचले. काजांची तेवीस, शिंप्याकडची दोन, झाली पंचवीस. पाहिजेत तीस. घरच्या माणसांची सेवा धरली जाणार नाही, म्हणजे सासूबाई आणि दीर गेले हिशेबातून. पाच वर्षं कमी. माझ्या मनाला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? मी न लिहिता, न नाकारता, नियमानंच काम फत्ते. खाली जाऊन तिला सांगायचं फक्त, "अगं, माझी फार इच्छा होती गं."

आणि मग पुढचं कलम दिसलं. दुसऱ्या कुटुंबाकडे पगारावर केलेली मुलांची देखभाल धरली जाईल, त्या कुटुंबानं तसं लिहून दिल्यास. दुसरं कुटुंब! दोन दारं, दोन स्वयंपाकघरं, दोन मीटर. सरकारच्या दृष्टीनं आम्ही दुसरं कुटुंबच होतो. माझी दोन मुलं, नऊ वर्षं. पंचवीस आणि नऊ, चौतीस. पगार दिला असं तेवढं लिहायचं.

इथं मला चांगुलपणा सुचला असं सांगायला आवडलं असतं. सुचला तो डाव. एकदा सरकारी कागदावर, माझ्या अक्षरात, लिहिलं गेलं की ती माझ्याकडे पगारावर होती, की मग मुलं माझी. ती काम करणारी, मी काम देणारी. नऊ वर्षं त्यांना न्हाऊमाखू घातलं, चालायला शिकवलं, गोवरात उशाशी बसली, ते सगळं नोकरीत बसतं. माझ्या मुलांना सांभाळायला मी बाई ठेवली होती, बस्स. आणि मुलं कधीतरी तो कागद बघतील. मीच दाखवीन. शिवाय तिला पेन्शन मिळेल, ती सुई खाली ठेवील, सगळे मला थोर म्हणतील. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एक खोटा आकडा लिहिला नव्हता. हा पहिला, आणि तो मी चांगल्या वळणदार अक्षरात लिहिला.

काजांबद्दल मात्र मी खरं तेच लिहिलं, उलटी बाजू सुलट बाजूसारखी असायची हेसुद्धा. मग खाली लिहिलं, "तसेच सदर अर्जदार माझ्या दोन मुलांना सांभाळण्यासाठी नऊ वर्षे माझ्याकडे पगारावर कामास होती. काम समाधानकारक होते." शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी माझ्या आनंदासाठी घातलं. पाकीट चिकटवलं आणि खाली जाऊन म्हटलं, "चल, उद्या जाऊ." तिनं माझे दोन्ही हात हातात धरले. बोटांच्या टोकांवर सुईचे घट्टे होते, खरखरीत.

कचेरीत ही गर्दी. नंबरांच्या चिठ्ठ्या घेऊन म्हातारेकोतारे बाकांवर, आणि प्रत्येकाशेजारी आमच्यासारखा एकेक पेन्शनर, नाकानं कांदे सोलत बसलेला. जबाब मोठ्यानं वाचत असल्यामुळे सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येत होतं. कुणी वीस वर्षं विटा वाहिल्या होत्या, कुणी मासे साफ केले होते. आमचा नंबर लागला. खिडकीत सर्दी झालेली एक तरुण मुलगी होती. तिनं पाकीट फोडलं आणि सुरू केलं, एका सुरात.

काजांचं वाचून झालं तेव्हा धाकटीनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते. "ताई, तुम्ही एवढं लक्षात ठेवलंत?" म्हणाली. मी खिडकीकडे बघत राहिले, कारण पुढची ओळ येत होती. ती आली. "...नऊ वर्षे माझ्याकडे पगारावर कामास होती. काम समाधानकारक होते." मुलीनं शिक्का उचलला. "चौतीस भरतात. आजी, खरं आहे म्हणा."

ती शिक्क्याकडे बघत होती.

"आजी, ऐकू आलं ना? खरं आहे?"

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"पगार नव्हता."

मी तिला कोपरानं ढोसलं. खिडकीतल्या मुलीला म्हटलं, "विसरते हो ती हल्ली."

"विसरले नाही ताई. तुम्ही पाकीट ठेवलं होतंत पहिल्या महिन्यात. मी परत केलं."

मुलीनं शिक्का खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता पोलीस बोलावते. "म्हणजे नऊ वर्षं जावेला फुकट राबवलंत?" मागून कुणीतरी म्हणालं, "घरोघरी मातीच्या चुली!" आणि अख्खा बाक हसला. माझे कान तापले. चौतीस वर्षं ज्या खिडकीच्या आत बसून मी लोकांना घाम फोडला, तसल्याच खिडकीच्या बाहेर मी उभी होते.

"फुकट कशाला, बाळ?" धाकटी म्हणाली. "मुलं दिली होती की त्यांनी मला."

हसणं थांबलं. मुलीनं नाक पुसलं आणि आवाज खाली आणला. वाईट नव्हती पोर. "आजी, नीट ऐका. ही ओळ खोडली तर पंचवीसच राहतात. अर्ज बाद होईल. पुढची फेरी तीन वर्षांनी, तीही या सरकारनं चालू ठेवली तर. नुसतं हो म्हणा. मी काही घरी येऊन तपासणार नाहीये."

"अगं, कळतंय गं मला. पण ते काम नव्हतं. कामात कसं लिहायचं?"

मुलीनं पुन्हा नाक पुसलं. मग पट्टी घेतली, माझ्या दोन ओळींवर सरळ रेघ मारली आणि दुसरा शिक्का उचलला.

बाहेर आल्यावर मी फूटपाथवरच तोंड सोडलं. "डोक्यावर पडलीस काय? दैव देतं आणि कर्म नेतं ते हे असं! हो म्हणायला काय दात झिजत होते तुझे? आता आंधळी होईस्तोवर शिवत बस पँटी!" येणारेजाणारे बघायला लागले. ती मान जराशी वाकडी करून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "रागावू नका ताई. तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहिलंत, एवढं कोण कुणासाठी करतं? पण तो कागद सरकारात राहिला असता. उद्या मुलांनी बघितला असता म्हणजे?"

"कशाला बघतायत ती?"

"बघितला असता तर त्यांना वाटलं असतं, काकू पगारासाठी करायची आपलं."

मुलांनी बघावा म्हणून तर मी तो लिहिला होता. आणि ही बाई मलाच धन्यवाद देत होती.

बस आली. तिनं मला खिडकीची जागा दिली आणि म्हणाली, "शिंप्याच्या थांब्यावर उतरू या का? चार पँटी काढून ठेवल्यात त्यानं माझ्यासाठी." मी मानेनंच हो म्हटलं. दुसऱ्या कुणालाही तिची कीव आली असती. मला हेवाच वाटत होता, आणि इतका याआधी कधीच वाटला नव्हता. हातात आलेली पेन्शन ज्याच्यापायी सोडून द्यावी असं काहीतरी या बाईजवळ होतं. माझ्याजवळ तसं काय आहे, ते मी थांबा येईपर्यंत शोधत बसले. पेन्शन तेवढी आठवली.